ठराव, पाणवठा आणि एक आमदार : राव बहादूर सीताराम केशव बोले



मुंबईत दादर पश्चिमेला एस. के. बोले रोड आहे. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक रोज या रस्त्यावरून जातात. टॅक्सीवाला तुम्हाला तिथे बरोबर नेऊन सोडेल. पण हे बोले कोण होते असं विचारलंत, तर उत्तर मिळणं कठीण आहे. ज्यांनी थोडंफार वाचलेलं असतं ते म्हणतात, "हां हां, बोले ठराव! महाडच्या चवदार तळ्याच्या आधी काहीतरी ठराव झाला होता ना, तो." बस. एका माणसाची जवळपास अर्ध्या शतकाची सार्वजनिक कारकीर्द 'काहीतरी ठराव' या दोन शब्दांत संपते.

आज आपल्याला या माणसाबद्दल बोलायचं आहे. पण मला निव्वळ चरित्र सांगायचं नाही. चरित्राच्या निमित्ताने एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. विधिमंडळात बसणारा एक सभासद, ज्याच्या हातात मंत्रिपद नाही, ज्याच्या मागे मोठा पक्ष नाही, तो नेमकं काय करू शकतो? आणि त्याने जे केलं ते कागदावर राहिलं, तर त्याला काही अर्थ उरतो का? बोले यांची कारकीर्द या प्रश्नाचं फार स्वच्छ उत्तर देते. ते उत्तर पूर्ण गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी माणूस

सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा. सालाकडे जरा लक्ष द्या. याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हा अर्थातच योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण आजची आपली सगळी गोष्ट पाण्याची आहे, म्हणून हा धागा हातात धरून ठेवा. फुल्यांनी खुला केला तो हौद त्यांचा स्वतःचा होता. स्वतःच्या मालकीचं पाणी देणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी दिलं. सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरीचं काय, हा प्रश्न त्या वेळी अजून कुठल्या सभागृहाच्या दारात आलेला नव्हता.

बोले भंडारी समाजातले. कोकण आणि मुंबईतला हा समाज, ताडामाडाच्या व्यवसायाशी आणि दर्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला. त्या काळातल्या बहुतेक सुधारकांप्रमाणे बोले यांचं कामही ज्ञातीच्या सुधारणेपासून सुरू झालं. शिक्षण वाढवा, पोटजाती मोडा, खर्चिक चाली सोडा, हाच तेव्हाचा कार्यक्रम असे. पुष्कळ लोक तिथेच थांबले. बोले थांबले नाहीत, ते तिथून गिरणगावात गेले.

गिरणी कामगारांची पहिली संघटना म्हटलं की आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले. त्यानंतर जी पोकळी झाली ती भरून काढण्याचा एक प्रयत्न म्हणजे १९०९-१० च्या सुमारास निघालेली 'कामगार हितवर्धक सभा'. बोले तिच्या संस्थापकांपैकी. या सभेने 'कामगार समाचार' नावाचं साप्ताहिकही चालवलं. ही आजच्या अर्थाने युनियन नव्हती, हे लक्षात घ्या. वर्गणी, सभासद, संप, सौदा हे सगळं पुढे आलं. सभेचं काम मुख्यतः अर्ज करणं, मालकांशी बोलणं, तंटे मिटवणं, दारूविरुद्ध आणि शिक्षणासाठी प्रचार करणं असं होतं. गिरणीत कामाला तासांची मर्यादाच नाही, ती घाला, अशी मागणी त्या काळात जोरात होती. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा आली. बारा तास ही तेव्हा सवलत होती! ते ऐकून आज आपल्याला धक्का बसतो.

मला यातून एवढंच दाखवायचं आहे की कायदे कौन्सिलात पाऊल ठेवण्याआधी बोले यांच्या अंगात एक सवय मुरलेली होती. गाऱ्हाणं ऐकायचं, ते नीट शब्दांत मांडायचं आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्या टेबलावर ठेवायचं. ही अर्ज करणाऱ्याची सवय. तिच्यातच त्यांचं बळ होतं, आणि तिच्यातच त्यांची मर्यादाही.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो पुढच्या गोष्टीशी जोडलेला आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. महार समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही त्या काळी मोठी गोष्ट. त्याच्या कौतुकाची एक सभा मुंबईत भरली. तिचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. याच सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. केळूसकरांची भेट सगळ्यांना ठाऊक असते, अध्यक्ष कोण होते हे मात्र कुणी सांगत नाही. त्या दिवशी अध्यक्षस्थानी असलेला माणूस आणि ज्याचा सत्कार झाला तो मुलगा, या दोघांची नावं वीस वर्षांनी एकाच प्रकरणात पुन्हा शेजारी शेजारी यायची होती.

कायदे कौन्सिल म्हणजे काय होतं?

आता थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळू नका, कारण हे समजल्याशिवाय ठरावाची किंमत कळत नाही.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने, म्हणजे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, प्रांतिक कौन्सिलं मोठी झाली. मुंबई इलाख्याचं कौन्सिल शंभरावर सभासदांचं झालं. त्यात बहुसंख्य लोक निवडून आलेले. इलाखा केवढा? सिंध, गुजरात, मुंबई, महाराष्ट्राचा पश्चिम भाग, कोकण आणि कर्नाटकातले उत्तरेकडचे जिल्हे, एवढा. पण मतदार कोण? ज्याचा शेतसारा अमुक इतका, ज्याचं घरभाडं अमुक इतकं, जो प्राप्तिकर भरतो तो. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला मत नव्हतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर नव्हतंच. मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. अस्पृश्यांसाठी निवडणूक नव्हती, सरकार आपल्या मर्जीने एखाद्याची नेमणूक करी. पहिल्या कौन्सिलात ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे असे नेमलेले सभासद होते. 'मूकनायक'चे संपादक म्हणूनही त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल.

कारभाराचे दोन भाग केले होते. पोलीस, न्याय, जमीनमहसूल ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे. या दुहेरी राज्यपद्धतीलाच द्विदल राज्यपद्धती म्हणतात. आता विचार करा. सार्वजनिक विहीर कुणाकडे? नगरपालिकेकडे किंवा लोकल बोर्डाकडे. शाळा? शिक्षण खात्याकडे. दवाखाना? आरोग्य खात्याकडे. म्हणजे अस्पृश्यांना जिथे जिथे दारात अडवलं जात होतं त्यातली बरीच दारं हिंदी मंत्र्यांच्या ताब्यात आली होती. "परकीय सरकार करत नाही" ही सबब त्या दारांपुरती तरी उरली नव्हती.

पण त्या दारांच्या बाहेर जर कुणी जमाव करून उभा राहिला, तर त्याला हटवणारा पोलीस मात्र दुसऱ्या खात्याचा. ही फट लक्षात ठेवा.

आणि ठराव म्हणजे काय? ठराव म्हणजे कायदा नव्हे. कौन्सिलने सरकारला केलेली ती शिफारस. सरकारने मानली तर मानली. मानली आणि परिपत्रक काढलं, तरी ते न पाळणाऱ्याला शिक्षा नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. पहिल्या कौन्सिलच्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता, असहकाराचे दिवस होते. अशा वेळी जे आत गेले त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. त्यात बोले यांना 'राव बहादूर' ही सरकारी पदवी. म्हणजे सरकारचा माणूस, असा शिक्का तयारच! पण ब्राह्मणेतर चळवळीतल्या लोकांचं म्हणणं समजून घ्या. ते विचारत होते की उद्या स्वराज्य आलं तर ते कुणाचं असेल? आमच्या विहिरीवरचा पहारा त्या स्वराज्यात उठणार आहे का? या शंकेला आधार नव्हता असं कुणी म्हणू नये. म्हणून मिळेल त्या सभागृहात जाऊन मिळेल तेवढं करून घ्यावं, अशी त्यांची भूमिका होती. ती बरोबर होती की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण तिच्यातून काय निघालं ते आधी बघू.

४ ऑगस्ट १९२३

या दिवशी बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने मंजूर केला. त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या आणि कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सगळे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत.

या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता? 'अस्पृश्य' नव्हे. 'सार्वजनिक पैसा' हा.

त्या वेळेपर्यंत या विषयावर जे बोललं जाई ते बहुतेक दयेच्या भाषेत. त्यांनाही देव आहे, तेही आपले बांधव आहेत, त्यांच्यावर अन्याय होतो, हे बरोबर नाही. किंवा शास्त्राच्या भाषेत. अमक्या स्मृतीत असं म्हटलंय, तमक्या ग्रंथात तसं. या भाषेत वाद सुरू झाला की तो संपत नाही, कारण समोरचा दुसरं वचन काढतो. बोले यांच्या ठरावाने ही सगळी जमीनच सोडून दिली. त्यात धर्माचा प्रश्न नाही, मनोवृत्ती बदलण्याची विनंती नाही. विहीर कुणाच्या पैशाने बांधली, एवढंच विचारलंय. सगळ्यांच्या पैशाने? मग सगळ्यांची. हिशेब संपला.

याआधी कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढलेच होते. बोले यांच्यापुढे तो आदर्श असणारच. पण महाराज हुकूम काढू शकत होते. न पाळणाऱ्या नोकराला घरी बसवू शकत होते. कौन्सिलचा सभासद कुणाला घरी बसवणार? त्याच्यापाशी युक्तिवाद आणि बहुमत, एवढीच दोन साधनं. तेव्हा युक्तिवाद असा लागतो की ज्याला विरोध करताना समोरच्याला लाज वाटावी. सार्वजनिक पैसा हा तसा युक्तिवाद होता.

महिनाभराने, ११ सप्टेंबर १९२३ रोजी, सरकारने खातेप्रमुखांना या ठरावाची अंमलबजावणी करण्याविषयी लिहिलं. कागद निघाला. खाली खाली जाऊ लागला.

कागदाचा प्रवास

तो कागद कोकणात महाडला पोचला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना वापरू देण्यास आपली हरकत नाही. चवदार तळं मोठं, गावाच्या मध्यात, भोवती स्पृश्यांची घरं. मुसलमान तिथे पाणी भरत होते. गुरंढोरं पाणी पीत होती.

म्हणजे आता कौन्सिलची शिफारस होती, सरकारचं परिपत्रक होतं आणि नगरपालिकेचा ठरावही होता. तीन कागद झाले. पण तळ्यावर काही बदललं नाही. भोवतालच्या वस्तीच्या धाकापुढे तीन कागदांचं काही चालेना.

इथे मघाशी सांगितलेली फट आठवा. नगरपालिका 'हरकत नाही' म्हणाली. पण हरकत नगरपालिकेची कधी नव्हतीच! हरकत होती ती भोवतालच्या घरांची. त्या घरांतून कुणी काठी घेऊन आलं, तर काय करायचं हे एकाही कागदात लिहिलेलं नव्हतं.

१९२६ : दोन धडे

बोले यांचा मला जास्त आदर वाटतो तो १९२३ पेक्षा १९२६ साठी. का ते सांगतो.

ठराव मंजूर झाला, टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रात नाव आलं. बहुतेक सभासदांचं काम इथे संपतं. ठरावाचं पुढे काय झालं हे विचारणारा सभासद तेव्हाही दुर्मीळ होता, आजही आहे. बोले यांनी ते विचारलं. आणि ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते दुसरा ठराव घेऊन उभे राहिले. त्याचा आशय : ज्या नगरपालिका आणि स्थानिक संस्था पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करायला नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

बघा, माणूस काय शिकला ते. पहिल्या ठरावात नुसता युक्तिवाद होता. दुसऱ्यात त्याला चिमटा जोडला. आणि तोही सार्वजनिक पैशाचाच. सगळ्यांच्या पैशातून अनुदान हवं असेल, तर विहीर सगळ्यांना उघडा. विचार तोच, फक्त त्याचं दुसरं टोक पकडलं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट म्हणजे जोशी बिल. आज हे कुणाला आठवत नाही, पण ब्राह्मणेतर चळवळीच्या दृष्टीने ते फार मोठं होतं. गावच्या जोश्याचं वतन असे. लग्नकार्य, धार्मिक विधी त्याच्याकडूनच करून घ्यायचे. तुम्ही त्याला बोलावलं नाही, दुसऱ्याकडून विधी करवून घेतला किंवा पुरोहिताशिवायच लग्न लावलं, तरी तो कोर्टात जाऊन आपली दक्षिणा तुमच्याकडून वसूल करू शकत होता. सत्यशोधक पद्धतीने लग्न लावणाऱ्यांना या दाव्यांचा फार जाच झाला. म्हणजे नको असलेल्या सेवेचे पैसे, आणि तेही सरकारी कोर्टाच्या शिक्क्याने! बोले यांनी कौन्सिलात याविरुद्ध विधेयक लावून धरलं आणि १९२६ साली त्याचा कायदा झाला. बोलावलंच नाही त्या पुरोहिताचा हक्क कायद्याने संपला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. माणूस एक, सभागृह एक. जोशी बिल यशस्वी झालं आणि पाणवठ्याचा ठराव कागदावर राहिला. असं का?

एक कारण उघड आहे. बिलाचा कायदा झाला, ठराव ठरावच राहिला. पण माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे. जोशी बिलात सरकारला काही *करायचं* नव्हतं. कोर्टाने एक गोष्ट करणं *थांबवायचं* होतं, दावा आला की तो काढून टाकायचा. ते सोपं होतं. पाण्याच्या बाबतीत सरकारने काहीतरी करणं भाग होतं. विहिरीवर येणाऱ्या बाईच्या बाजूने उभं राहायचं होतं, तिला अडवणाऱ्याला आवरायचं होतं, आणि हे प्रत्येक गावात, रोज. त्यासाठी लागतात माणसं, इच्छाशक्ती आणि बहुसंख्यांचा रोष पत्करायची तयारी. यातलं काहीही ठरावाच्या कागदात बसत नाही. विधिमंडळाचा इतिहास वाचताना हा फरक कायम मनात ठेवावा. थांबवणारे कायदे लवकर लागू पडतात. करायला लावणारे कायदे कुणीतरी पाठी लागल्याशिवाय हलत नाहीत.

बोले या वेळी फक्त सभागृहात नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा, ती वर्गणी सगळ्यांची आहे, असा जो झगडा झाला त्यात प्रबोधनकार ठाकरे यांच्याबरोबर बोले होते. प्रबोधनकारांच्या आत्मचरित्रात त्याची हकीकत आहे. तिथेही मुद्दा तोच होता. वर्गणी सगळ्यांची, मग पूजेला मज्जाव का?

महाड

मार्च १९२७. १९ आणि २० तारखेला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे आता स्वतः मुंबई कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले होते. परिषदेला हजारो लोक आले. एवढ्या लोकांना पाणी? गावात तळं भरलेलं. पण परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. सरकारचं परिपत्रक निघून साडेतीन वर्षं झाली होती. नगरपालिकेचा ठराव होऊन तीन वर्षं. आणि पाणी विकत!

दुसऱ्या दिवशी परिषद संपताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. मोर्चा निघाला. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग लोकांनी घेतलं. पुढे काय झालं तुम्हाला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' झाली.

आणि एक तारीख बघा. ४ ऑगस्ट १९२७. या दिवशी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी! मुद्दाम निवडलेला दिवस असेल असं मी म्हणत नाही. पण यातून एक गोष्ट कळते. जोपर्यंत ठरावाचा वापर कुणी करत नव्हतं, तोपर्यंत तो नगरपालिकेच्या दप्तरात सुखाने पडून होता. कुणाला त्याची अडचण नव्हती. पहिली ओंजळ भरल्याबरोबर तो रद्द करावासा वाटला.

पुढे डिसेंबरात दुसरी परिषद झाली, मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जायला कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला, म्हणून बाबासाहेबांनी लोकांना थांबवलं. मग दावा चालला. महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे निकाल लागला तो मालकी आणि रूढी या मुद्द्यांवर. ओंजळ ते निकाल, दहा वर्षं.

मग श्रेय कुणाचं?

या विषयावर बोलताना दोन चुकीच्या गोष्टी नेहमी ऐकू येतात.

पहिली अशी : कौन्सिलने आधीच ठराव केला होता, नगरपालिकेनेही केला होता, म्हणजे समाज सुधारतच होता, मग सत्याग्रहाची घाई कशाला? याला उत्तर चाळीस रुपयांचं पाणी देतं. ठरावाने तळं उघडलं नाही. जे लोक मार खाण्याची तयारी ठेवून पायऱ्या उतरले, त्यांनी ते उघडलं. यात कुणाचंही दुसरं श्रेय घुसडता येणार नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट : बोले ठराव म्हणजे कागदी घोडा, त्याचा उपयोग शून्य. हेही मला मान्य नाही. ठराव नसता, तर महाडला जाणारे लोक 'आम्हाला द्या' म्हणत गेले असते. ठराव होता म्हणून ते 'हे आमचं आहे' म्हणत गेले. ठराव नसता तर तळ्यावर जाणं हा आगळीक म्हणून रंगवणं सोपं झालं असतं. ठराव असल्यामुळे बेकायदेशीर कोण वागतंय, हा प्रश्न उलटा फिरला. अडवणाऱ्याला कोर्टात जाऊन आपली बाजू सिद्ध करावी लागली, आणि ती त्याला सिद्ध करता आली नाही. तळ्यावर जाण्याचं धैर्य कागद देत नाही, हे खरं. पण त्या धैर्याला उभं राहायला जागा कागद देतो.

त्या काळात कौन्सिलातही हा धडा इतरांनी घेतलेला दिसतो. डॉ. पु. गो. सोळंकी यांच्या ठरावातून १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३० मध्ये आला आणि त्यानंतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र सरकारी खातं उभं राहिलं. नुसती शिफारस पुरत नाही, तिच्यामागे यंत्रणा लागते, हे हळूहळू पटत चाललं होतं.

आणि आता शेवटचा दुवा. आपल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढा. त्याचं दुसरं कलम वाचा. त्यात म्हटलंय की पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेसाठी खुल्या असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाला अडवता येणार नाही. १९२३ च्या ठरावातला तोच विचार. पैसा सगळ्यांचा, म्हणून पाणी सगळ्यांचं. घटनाकारांनी बोले यांचा ठराव समोर ठेवून हे लिहिलं असा माझा दावा नाही. पण मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते आणि १९२७ मध्ये ते कुठल्या तळ्यावर होते, हे आपल्याला माहीत आहे. जी गोष्ट एका प्रांताच्या सभागृहात शिफारस होती, ती सत्तावीस वर्षांत प्रजासत्ताकाचा मूलभूत हक्क झाली. आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवला. पहिल्या ठरावात जी शिक्षेची तरतूद नव्हती, ती इथे आली.

बोले १९६१ साली गेले. नव्वदी ओलांडली होती. म्हणजे घटना लागू झालेली त्यांनी पाहिली, महाराष्ट्र राज्य झालेलंही पाहिलं.

आजच्या आमदाराकडे बोले यांच्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. निधी आहे, अधिकारी आहेत, पूर्ण कायदा करण्याची सत्ता असलेलं सभागृह आहे, आणि प्रत्येक प्रौढ माणसाचं मत आहे. तरीही आपण आमदाराला विचारतो ते रस्त्याचं आणि बदल्यांचं. मला वाटतं, बोले यांच्या कारकिर्दीवरून तीन प्रश्न विचारायला शिकावं. तुम्ही सभागृहात नेमकं काय मांडलंत? ते मंजूर झाल्यावर खाली काय झालं हे बघायला तुम्ही पुन्हा गेलात का? आणि ते अडलं असेल, तर दुसरा ठराव कधी आणताय? पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारे बरेच भेटतील. तिसऱ्याला देणारे शोधावे लागतील. बोले त्यांतले होते.

दारू, विवाह, मजुरी, खोती अशा अनेक विषयांवर त्या कौन्सिलात झालेल्या चर्चा मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. जुन्या ग्रंथालयांत कौन्सिलच्या कामकाजाचे खंड धूळ खात पडलेले असतात. कुणी तरुण अभ्यासक त्यात हात घालेल, तर या माणसाचं पूर्ण चरित्र उभं राहू शकेल. ते व्हायला हवं.

मी इथे थांबतो.